फेरीवाल्याचा माल उचलला? परत मिळवण्याचा हक्क आहे

'गाडी आली!' अशी हाक आली की भाजीवाल्यांची पळापळ सुरू होते. पालिकेने उचललेला माल गेलाच, असे अनेक जण धरून चालतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा मात्र वेगळे सांगतो. जप्त मालाची यादी करून तिची प्रत विक्रेत्याला द्यावीच लागते. शुल्क भरून मागणी केली, की भाजी, फळे, मासळी असा नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळायला हवा. इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत. संध्याकाळपर्यंत सुकणाऱ्या मेथीसाठी ही अट फार मोलाची आहे. म्हणून आधी यादी मागा.

जागेवरून हटवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीसही बंधनकारक आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे वाटेपर्यंत तर कोणालाच हटवता येत नाही. खरी मेख नगर पथविक्रेता समितीत आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले लागतात, त्यांत एक तृतीयांश महिला.