पान्याआधी पाय

‘ब्रेक नीट लागत नाहीत’ एवढीच तक्रार सांगून मालक चावी ठेवून जातो. आयटीआयच्या दोन वर्षांच्या ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ ट्रेडमधल्या नव्या पोरांचा हात लगेच व्हील पान्याकडे जातो. मुरलेला निदेशक मात्र आधी पेडल दाबायला लावतो.

पेडल पुष्कळ बोलतं. स्पंजासारखं दबलं तर लाइनमध्ये हवा शिरल्याची शंका. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरचा रबर सील गेलेला असू शकतो. दगडासारखं कडक लागलं तर बूस्टर पाहायचा. त्यासाठी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारायचं, दाबून धरायचं आणि इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक.

हवा काढणं हे मात्र दोघांचं काम. एक जण पेडलवर, दुसरा चाकाशी. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. ‘मार, मार, धर!’ म्हणताच वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निपल सैल करायचा. बुडबुडे बाहेर पडतात. निपल आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. तो आधी उचलला की हवा पुन्हा आत. टाकीतलं ऑइल संपू दिलं तरी तीच गत, आणि हे प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी करतोच.

खरी कसोटी लागते ती गॅरेजात न सापडणाऱ्या दोषाची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० वर येते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरताना जुनं ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जातं. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागतात! अशा वेळी ‘कोणत्या गिअरमध्ये उतरलात?’ हा प्रश्न पान्याइतकाच कामाचा.

ट्रकमध्ये ऑइलऐवजी दाबाची हवा असते, आणि ती भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचं बोललं गेलं. पुढे पोलीस तपासात उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं समोर आलं. असं केलं की इंजिनाचा रोध जातो आणि टाकीतली हवा प्रत्येक दाबासरशी कमी होत राहते. यात लायनर बदलून काय होणार?

आता १२५ सीसीवरच्या नव्या मोटारसायकलींनाही एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे स्कॅनर वर्गात आला. तो चाकाच्या सेन्सरचा कोड दाखवतो. पण सेन्सर बिघडलाय, वायर तुटलीय की नुसता चिखल बसलाय, हे चाकाशी बसूनच पाहावं लागतं.