मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?
वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचताना पुस्तक लांब धरावे लागते, ती चाळिशी, चष्म्याने भागते. चष्मा लावूनही धुरकट दिसते, दिव्याभोवती वलय येते, तो बहुधा मोतीबिंदू. तो थेंबांनी, मधाने जात नाही. ‘पिकू द्या, मग काढू’ असे आम्ही वस्तीत अजून ऐकतो. ते जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातले! आता रोजच्या कामात अडू लागले की काढता येतो, सरकारी रुग्णालयात मोफत. आजी म्हणेल, “या वयात काय बघायचंय?” तरी न्याच.

काचबिंदू मात्र लबाड. बहुधा दुखत नाही, कडेची नजर आधी खातो. गेलेली परत येत नाही. घरात कुणाला असेल, तर दिसत असले तरी दरवर्षी तपासणी करा. डोळा एकाएकी लाल होऊन ठणकला, अंधुक झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.