ताणलेली तार आणि कल्याणमित्र

बारामती-इंदापूरकडची आपली मुले संगणक अभियंते होऊन पुण्यास हिंजवडीत नोकरीला लागतात. घरातला पहिलाच असा पगार; म्हणून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रोग्राममधील चुका शोधतील, पण 'थकलो' म्हणणार नाहीत. पुढे झोप उडते, कामाचा वीट येतो. यालाच 'बर्नआऊट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामावरील न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली.

चंक्रमण करून सोण भिक्खूचे पाय रक्ताळले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर नाही. सैल सोडली तरी नाही.

पण किती ताणावी, हे नवख्याला कळावे कसे? तिथे कल्याणमित्र लागतो. मॅट्रिक झालेल्या भीमरावांना १९०७ साली केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र भेट दिले. पुढे शिष्यवृत्तीसाठी सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला.

'मार्गदर्शन करा' असे मोघम म्हणू नये. समोरचा बिचारा काय सांगणार? कामातील अडचण, केलेले प्रयत्न लिहून कचेरीतील अनुभवी सहकाऱ्याकडे अर्धा तास मागावा. मनातले मात्र कंपनीबाहेरच्या, त्याच वाटेने गेलेल्या गावाकडील ताई-दादांजवळ बोलावे. साहेबापुढे थकवा कबूल करणे जड जाते. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, तर सरळ डॉक्टर गाठावा.