शेंगेन व्हिसा : काय लागते?

युरोपातील २९ देशांच्या शेंगेन क्षेत्रात भारतीय पर्यटकाला अल्पमुदतीच्या एकाच व्हिसावर फिरता येते. कोणत्याही १८० दिवसांत मुक्काम ९० दिवसांहून अधिक चालत नाही.

पासपोर्ट : गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध, दोन पाने कोरी.

अर्ज : सर्वाधिक मुक्काम असलेल्या देशाकडे, मुक्काम सारखाच असल्यास पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. प्रवासाआधी ६ महिने ते १५ दिवस या काळात.

सोबत : फोटो, मुक्कामाचा व परतीचा तपशील, खर्चाच्या तजविजीचा पुरावा, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा. बोटांचे ठसेही घेतात. १२ वर्षांखालील मुलांना त्यातून सूट.

शुल्क : जून २०२४ पासून ९० युरो. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही.