पडद्यावरचे अक्षर मुलाच्या तोंडी यावे म्हणून

कल्याण सोडले की कर्जतच्या दिशेला पहिले स्टेशन विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. कल्याणलाच रेल्वेचे दोन फाटे होतात, एक कर्जतकडे आणि दुसरा कसाऱ्याकडे. संगणक किंवा टॅबलेट प्राथमिक शाळेत नेऊन मुलांना शिकवण्याचे दोन मोठे प्रयोग या दोन फाट्यांवरच झाले. आमच्या भागातल्या पालकांशी बोलताना ही गोष्ट सहसा कुणाला ठाऊक नसते, म्हणून मागोवा इथूनच घेतो.

शाळेत पडदा आला तो टीव्हीच्या रूपाने. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीत केलेले तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागत. पाठ्यपुस्तकातला विषय चित्रांसह समोर येई, आणि ज्या शाळेत नकाशाही धड नसे तिथे हे फार मोठे होते. ही संस्था २०१७ मध्ये बंद पडली. तिने केलेले काम आजही पुरेसे सांगितले गेलेले नाही, असे मला वाटते. पण त्या पडद्याला एक मर्यादा होती. तो बोलायचा आणि मूल ऐकायचे. मूल काय वाचते, कुठे अडखळते, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

मग २००७ साल उजाडले. निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या मोहिमेचा हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत पोचला. त्याच्या वर्षभर आधी केंद्र सरकारने ही कल्पना नाकारली होती. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचे यंत्र दिले की ते आपोआप शिकेल, असा त्यामागचा विश्वास होता. त्या विश्वासाची खरी परीक्षा पुढे पेरू देशात झाली. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळाल्याने मुलांच्या गणितात आणि भाषेत काही वाढ दिसली नाही. त्यातली एक नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. प्रत्येक यंत्रात २०० पुस्तके भरून दिलेली होती, तरीही मुलांच्या वाचनाच्या सवयीत फरक पडला नाही. पुस्तक हातात असणे आणि ते वाचले जाणे यांच्यामध्ये कुणीतरी माणूस लागतो. तो माणूस त्या योजनेने गृहीतच धरलेला नव्हता.

कसारा फाट्यावर नेमका तोच माणूस होता. आसनगावला उतरून शहापूर तालुक्यात गेले की पष्टेपाडा ही आदिवासी भागातली वस्ती लागते. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने सहकाऱ्यांसह वर्ग डिजिटल केला. मुलांच्या हाती टॅबलेट आले, भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा आला. कुठल्या मोठ्या योजनेची वाट त्यांनी पाहिली नाही. कोणत्या धड्याला काय दाखवायचे आणि कुठे थांबून मुलांना बोलते करायचे, हे शिक्षकाने ठरवले. ठिकठिकाणचे शिक्षक हे बघायला येऊ लागले आणि ‘पष्टेपाडा पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला.

त्याच सुमारास, २२ जून २०१५ रोजी, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे, हा त्याचा गाभा. गावोगाव लोकवर्गणी जमली, यात्रेचे पैसे शाळेकडे वळले, माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही दिले. ‘डिजिटल शाळा’ अशी पाटी अनेक भिंतींवर लागली. शासनाकडे हात न पसरता गावांनी शाळांसाठी एवढा पैसा उभा केला, ही महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट आहे. पुढच्या काळात मात्र बिल थकल्यामुळे शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या. पडदा देणारे पुष्कळ भेटले, पण वीजबिल आणि दुरुस्तीची जबाबदारी घ्यायला कुणी नव्हते.

या साऱ्या काळातले सर्वांत दूरवर पोचलेले काम सोलापूर जिल्ह्यातले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. तिथल्या मुलांची घरची भाषा कानडी आणि पुस्तके दुसऱ्याच भाषेत. डिसले गुरुजी कानडी शिकले, मुलांसाठी पुस्तकांची भाषा बदलली आणि पानावर क्यूआर कोड छापले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येई, गोष्ट किंवा व्हिडिओ समोर येई. २०१७ मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड देण्याचे जाहीर केले, आणि २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तशीच घोषणा झाली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

जगाने क्यूआर कोड पाहिला. मला त्याआधीची पायरी जास्त महत्त्वाची वाटते, म्हणजे शिक्षकाने मुलाची भाषा शिकणे. विठ्ठलवाडीत राहणाऱ्याला हे लगेच पटेल. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उल्हासनगर उभे राहिले. कल्याण पूर्वेच्या चाळींत आगरी, अहिराणी, भोजपुरी, तेलुगू बोलणारी घरे भिंतीला भिंत लावून राहतात. पहिलीच्या वर्गात बसणारे मूल प्रमाण मराठी वाचायला शिकते तेव्हा ते अक्षराबरोबर भाषाही शिकत असते. अशा मुलासाठी प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, जागतिक साक्षरता दिनी, सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ फार मोलाचे आहे. तिथल्या गोष्टी मोफत आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, आणि त्यांचे भाषांतर करण्याची मोकळीक कुणालाही आहे. एकच चित्रकथा आज हिंदीत आणि उद्या मराठीत वाचता येते. गोष्ट आधीच ओळखीची असली की मुलाचे सगळे लक्ष अक्षरांवर राहते.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागले. तोवर शाळेपुरता असलेला पडदा एका दिवसात घरात आला. घरात फोन एकच, तो बापाबरोबर कामावर जाणार आणि संध्याकाळी परत येणार. मोठ्या भावाचा तास आणि धाकटीचा अभ्यास त्याच फोनवर. व्हॉट्सअॅपवर रोज अभ्यासमाला येत राहिली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांच्यासाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेल्या या मालिकेत फळ्यापुढचे व्याख्यान नव्हते. घरातली माणसे आणि मुले मिळून काहीतरी करतात, असे ते भाग होते. ती योग्य दिशा होती.

तरीही नुकसान झालेच. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत, देशाच्या ग्रामीण भागात, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २७.१ पर्यंत सावरली. ही पाहणी खेड्यांपुरती असते, त्यामुळे कल्याण-डोंबिवलीतल्या मुलांबद्दल ती काही सांगत नाही. माझ्या मते आपल्या महापालिकांनी वॉर्डनिहाय अशी पाहणी कधीच सुरू करायला हवी होती. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असा एका कागदावरचा मजकूर मुलापुढे धरायचा आणि ऐकायचे, इतके हे सोपे आहे.

हे ऐकण्याचे काम आता यंत्रही करू लागले आहे. गूगलचे ‘बोलो’ हे अॅप मार्च २०१९ मध्ये भारतात आले, पुढे त्याचे नाव ‘रीड अलाँग’ झाले. त्यात मराठीही आहे. मूल मोठ्याने वाचते, अॅप ऐकते, शब्द चुकला तर मदत करते, आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही. लाजरे मूल वर्गात वाचायला उभे राहत नाही, पण यंत्रापुढे तेच मूल मोकळे होते. १९८४ च्या पडद्याला जे जमत नव्हते ते याला काही प्रमाणात जमते. मात्र मुलाला काय वाचले ते समजले का, ‘पण तो कोल्हा खोटं का बोलला?’ असे त्याला विचारावेसे वाटते का, हे कळायला शेजारी माणूसच हवा. ‘असर २०२४’मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना मागच्या आठवड्यातल्या फोनच्या वापराबद्दल विचारले, तेव्हा ५७ टक्के मुलांनी अभ्यासासाठी आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी तो वापरला होता. फोन हाती देऊन बाजूला झालो की तो कुठे जातो, हे या आकड्यांत आहे.

चार दशकांकडे पाहून माझा निष्कर्ष एवढाच: जिथे पडद्याने मुलाला वाचायला, बोलायला लावले आणि शिक्षक त्याच्या शेजारी राहिला तिथे फायदा झाला, आणि जिथे पडदा शिक्षकाऐवजी आला तिथे झाला नाही. म्हणून नवी खरेदी करण्याआधी पालिका शाळेतल्या शिक्षकाला कागदी आणि बिगरशैक्षणिक कामांतून सोडवा, त्याचा वेळ वर्गाला द्या.

पालकांना मात्र आजही एक गोष्ट करता येईल. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. त्यातला एक अंक आज रात्री फोनवर उघडा, मुलाला शेजारी बसवा आणि त्याला मोठ्याने वाचू द्या. तेवढा वेळ दुसरे काही करू नका.