‘बिल क्लिअर झालं’ म्हणजे पैसे आले का?

या आठवड्याच्या व्हिडिओत ‘क्लिअर’ या शब्दावर बोललो. वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट लिहून देतो. वाचा आणि दुकानातल्या पोराला पण वाचायला द्या.

आधी माझी फजिती सांगतो. महालात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. एका संस्थेला 84,000 रुपयांचा माल दिला होता. काही दिवसांनी त्यांच्या अकाउंटंटचा मेसेज आला, ‘युअर बिल हॅज बीन क्लिअर्ड.’ मी म्हटलं, चला, पैसे आले! खातं न बघताच इतवारीतल्या माझ्या होलसेलवाल्या काकांना चेक देऊन टाकला. चेक बाउन्स. काका आमच्या बाबांच्या काळापासून उधारी देत होते. ते एवढंच म्हणाले, “बेटा, यापुढे रोख.” बीबीए करून काय उपयोग, सांगा!

त्या अकाउंटंटचं इंग्रजी बरोबर होतं. माझं समजणं चुकलं होतं.

मूळ अर्थ एकच: मोकळं करणे

‘क्लिअर’ हे क्रियापद म्हणून वापरलं की त्याचा अर्थ अडथळा काढून मोकळं करणे. ‘क्लिअर द रोड’ म्हणजे रस्ता मोकळा करा. बाकी सगळे अर्थ इथूनच निघतात. म्हणून हा शब्द दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: *कोणता अडथळा गेला?*

1. बिल क्लिअर केलं. साहेबांची सही झाली, मंजुरीचा अडथळा गेला. पैसे अजून निघालेच नसतील. मी फसलो तो इथेच.

2. ड्यूज क्लिअर केले. जुनी बाकी फेडली. इथे मात्र पैसे दिलेत असा अर्थ आहे. तरी खात्यात बघाच.

3. चेक क्लिअर झाला. समोरच्याच्या बँकेने चेक पास केला, रक्कम आपल्या खात्यात आली. ‘चेक डिपॉझिट केला’ आणि ‘चेक क्लिअर झाला’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

4. स्टॉक क्लिअर करायचा. पडून राहिलेला माल काढून गोडाऊन मोकळं करायचं. ‘क्लिअरन्स सेल’ म्हणतात तो हाच. सीताबर्डीला अशा पाट्या रोज दिसतात.

5. माल कस्टममधून क्लिअर झाला. कागदपत्रं, ड्युटी झाली, माल सोडायची परवानगी मिळाली. माल तुमच्या दारात आला असं नाही.

आता एक चूक, जी आपण बरेच जण करतो. काही समजलं नाही की लिहितो, ‘प्लीज क्लिअर मी.’ याचा अर्थ ‘मला मोकळं करा’ असा होतो, भाऊ! खुलासा हवा असेल तर लिहा, ‘प्लीज क्लॅरिफाय.’

मग मेसेज आल्यावर काय करायचं?

‘क्लिअर्ड’ असा मेसेज आला की लगेच खुश होऊ नका. नम्रपणे एकच ओळ पाठवा: ‘थँक यू सर. इज इट अप्रूव्ह्ड ऑर पेड? इफ पेड, प्लीज शेअर द यूटीआर नंबर.’ म्हणजे मंजूर झालंय की पैसे दिलेत, आणि दिले असतील तर व्यवहाराचा नंबर द्या. यात कोणाला राग येत नाही. यूटीआर नंबर आला तरी आपलं खातं उघडून बघायचं. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतात. त्यामुळे ‘आज रविवार आहे ना’ हे कारण आता चालत नाही.

एवढी काळजी कशाला? कारण आपण ट्रेडिंगवाले. एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 45 दिवसांच्या आत पैसे मिळण्याची तरतूद आहे. पण 2 जुलै 2021 च्या आदेशाने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली ती फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणजे आपलं पेमेंट अडकलं तर त्या 45 दिवसांच्या भरवशावर बसू नका. उलट आपला चेक बाउन्स झाला, तर समोरचा कलम 138 खाली 30 दिवसांत नोटीस पाठवू शकतो. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर केस होऊ शकते. काकांनी नोटीस पाठवली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

माझे ते 84,000 शेवटी आले, पण चाळीस दिवसांनी. काकांकडे मी पुढचं वर्षभर रोखीनेच माल घेतला. मागच्या दिवाळीला त्यांनी स्वतःहून उधारीची वही काढली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आजचं काम: मोबाईलमधले मागच्या महिन्याचे मेसेज उघडा. जिथे ‘क्लिअर’ दिसेल, तिथे वहीत लिहा, मंजूर की जमा? ज्याचं उत्तर देता येणार नाही, त्या पार्टीला आजच फोन लावा.