तेवीस फाउंड्र्या, एक पाटी

लेखमाला : अवजारांचे व्यापारी (लेखांक ७)

हातातल्या हत्यारावर ज्याचे पोट आहे, तो माणूस दुकानदार सहसा बदलत नाही. पण दुकानदारच बदलला तर? ज्याच्याकडून वर्षानुवर्षे माल घेतला त्याने आपला धंदा कालपर्यंतच्या प्रतिस्पर्ध्याबरोबर एक केला, तर जुन्या गिऱ्हाइकाने त्याच्यावर किती भरवसा ठेवावा? या प्रश्नासाठी मला अमेरिकेतल्या छपाईच्या खिळ्यांच्या धंद्याइतके बोलके उदाहरण दुसरे सापडत नाही. १८९२ मध्ये तिथल्या तेवीस टाइप फाउंड्र्या एकत्र आल्या आणि ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’ ही कंपनी उभी राहिली. धंद्यात तिला एटीएफ म्हणत. ती शंभर वर्षे चालली. त्यामुळे विलीनीकरणाने गिऱ्हाइकाचे काय होते, हे इथे पहिल्या दिवसापासून शेवटच्या लिलावापर्यंत पाहता येते.

आधी खिळा गिऱ्हाइकाला कसा बांधून ठेवतो ते पाहू. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा हा ओतीव दांडा. माथ्यावर उलटे अक्षर. अमेरिकेत त्याची उंची ०.९१८ इंच. एखादा खिळा जरासा उंच असला तर कागदात रुततो, ठेंगणा असला तर उमटतच नाही. अंगावर खाच असते. जुळारी अक्षराकडे न बघता अंगठ्याने ती खाच चाचपतो आणि खिळा सुलटा बसला आहे हे ओळखतो. खाचेची जागा फाउंड्रीगणिक वेगळी. अक्षर माथ्यावर किती वर किंवा किती खाली बसवायचे, याचाही प्रत्येकीचा आपापला रिवाज. जुन्या काळी तर दांड्याची जाडीसुद्धा जुळत नसे. सगळ्यांकडे ‘पायका’ नावाचे माप होते, पण एकीचा पायका दुसरीच्या पायकाशेजारी उभा केला की ओळ वेडीवाकडी व्हायची.

छापखानेवाला खिळे वजनावर घेई. कोणते अक्षर किती, याचे प्रमाण फाउंड्री ठरवून देई. मग एखाद्या मोठ्या कामात ‘ई’ संपायचा, किंवा रोजच्या वापराने त्याच्या कडा झिजायच्या. आता फक्त ‘ई’ हवा, पण तो त्याच फाउंड्रीचा, त्याच वळणाचा, त्याच मापाचा. परका खिळा ओळीत शिरला की वाचणाऱ्याच्या नजरेलाही तो खटकतो. म्हणजे पहिली मोठी खरेदी जिथे केली, तिथे पुढची कित्येक वर्षे पुरवणीसाठी जावेच लागे.

मराठी छापखान्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, रफार धरले तर देवनागरीला शेकडो प्रकारचे खिळे लागतात आणि एका ‘क्ष्म’वाचून सबंध लग्नपत्रिका अडू शकते. मुंबईत जावजी दादाजींनी १८६० च्या दशकात आधी खिळ्यांची फाउंड्री आणि पाठोपाठ निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सुबक खिळे बाहेरच्या छापखान्यांनीही घेतले. ज्याच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, निर्णयसागर, त्याला पुरवणीही निर्णयसागरचीच लागणार.

दुसरा धागा पैशाचा. फाउंड्र्या उधारी देत. आडगावात नवे साप्ताहिक काढणाऱ्याला खिळे, केस, यंत्र असे सगळे हप्त्यावर मिळे. झिजलेले खिळे मोडीत परत घेऊन त्यांची किंमत नव्या मालात वळती केली जाई. कोणाचे देणे वेळेवर येते, कोणाला पीक येईपर्यंत थांबवायचे, हे फाउंड्रीच्या माणसाला माहीत असे. हे ज्ञान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही आणि म्हणूनच विलीनीकरणात ते सगळ्यात आधी हरवते.

या व्यवस्थेला पहिला धक्का आगीने दिला. ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोच्या महाआगीत ‘मार्डर, ल्यूस’ ही फाउंड्री जळून गेली. साचे नव्याने करायचेच होते, तेव्हा तिने एका सुसंगत मोजमापावर आधारलेले खिळे करायला घेतले. पुढे नेल्सन हॉक्स या तिच्याच माणसाने या पॉइंट पद्धतीचा पाठपुरावा केला. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या टाइप फाउंडर्सच्या संघटनेने ती स्वीकारली : बारा पॉइंटांचा एक पायका, एक पॉइंट सुमारे ०.०१३८ इंच. मूळ माप म्हणून घेतला फिलाडेल्फियाच्या ‘मॅकेलर, स्मिथ्स अँड जॉर्डन’चा पायका, कारण सगळ्यात जास्त साचे त्याच मापाचे होते.

छापखानेवाल्यासाठी ही सुटका होती. आता निदान दांड्याची जाडी तरी जुळू लागली. मोकळ्या जागेचे तुकडे आणि ओळींमधल्या पट्ट्या कुठूनही आणता येऊ लागल्या. गाठ सैल झाली तशी भावाची चढाओढ सुरू झाली. त्याच १८८६ च्या जुलैत ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये ओटमार मर्गेनथालरचे लायनोटाइप यंत्र चालू झाले. एकेक खिळा जुळवण्याऐवजी ते सबंध ओळच ओतत असे. वर्तमानपत्रे हे फाउंड्र्यांचे मोठे गिऱ्हाईक आणि तेच आता हातचे जाणार हे दिसू लागले. १८९२ च्या एकत्रीकरणामागे ही दोन कारणे होती. गिऱ्हाइकाला काय हवे, याचा विचार त्यात फारसा कुठे दिसत नाही आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला, असे माझे मत आहे.

एकत्र आलेल्यांत १७९६ पर्यंत मुळे पोचणारी मॅकेलर होती, मार्डर-ल्यूस होती, बोस्टनची डिकिन्सन, सेंट लुइसची सेंट्रल आणि मिलवॉकीची ‘बेंटन, वॉल्डो’ होती. सुरुवातीची वर्षे एकत्रीकरण कागदावरच राहिले. जुन्या फाउंड्र्या बऱ्याच अंशी आपापल्याच पद्धतीने चालत होत्या. एकाच वळणाचे थोडे थोडे वेगळे खिळे अनेक याद्यांत होते. छापखानेवाल्याच्या मनातले प्रश्न मात्र साधे होते. माझ्या केसमधला खिळा उद्या मिळेल ना? माझे उधारीचे खाते कोण पाहणार? आणि एवढे सगळे एका छत्राखाली गेल्यावर भाव कोण आवरणार?

यांची उत्तरे एटीएफने दिली नाहीत, तेव्हा दुसऱ्यांनी दिली. सेंट्रल फाउंड्रीच्या श्राउबश्टाटर घराण्यातल्या मुलांनी १८९४ मध्ये सेंट लुइसमध्येच ‘इनलँड टाइप फाउंड्री’ काढली. त्यांच्या वडिलांची फाउंड्री एटीएफमध्ये गेलेली, धंदा घरात मुरलेला, गिऱ्हाईक ओळखीचे. इनलँडने नुसते ‘आम्ही त्या कंपनीतले नाही’ एवढे सांगून माल विकला नाही. जुळाऱ्याची एक जुनी डोकेदुखी तिने दूर केली. पॉइंट पद्धतीने दांड्याची जाडी सारखी झाली होती, पण अक्षराचा तळ दांड्यावर कुठे असावा हे मोकळेच राहिले होते. एकाच ओळीत दोन वळणे वापरायची, किंवा लहान अक्षरांशेजारी मोठे अक्षर ठेवायचे, तर जुळाऱ्याला कागदाच्या चिटोऱ्या घालून तळ जुळवावे लागत. यात तास जात. इनलँडने आपल्या सगळ्या वळणांचे तळ एका नियमाने बसवले. मापे वेगळी असली तरी फरक पूर्ण पॉइंटांत येईल अशी रचना केली, म्हणजे केसमधल्या नेहमीच्या पट्ट्यांनी ओळ साधता येई. या खिळ्यांना त्यांनी ‘स्टँडर्ड लाइन’ म्हटले. एटीएफला पुढे स्वतःची ‘अमेरिकन लाइन’ आणावी लागली.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ज्या कंपनीकडे तेवीस फाउंड्र्यांचे साचे होते, तिने सगळे तळ एका ओळीत आणायचे काम सगळ्यांत आधी हाती घ्यायला हवे होते. एकत्र येण्याचा गिऱ्हाइकाला काही फायदा असेल तर तो हाच. तो पहिल्यांदा बाहेरच्या, वयाने आणि भांडवलाने लहान असलेल्या फाउंड्रीकडून मिळाला. विलीनीकरण करणाऱ्याला वाटते की आपण गिऱ्हाईक विकत घेतले. त्याच्या हाती खरे तर गिऱ्हाइकाच्या केसमधल्या जुन्या खिळ्यांची जबाबदारी आलेली असते आणि ती जो निभावेल त्याच्याकडे गिऱ्हाईक जाते.

एटीएफने ही जबाबदारी अखेर ओळखली, याचे श्रेय दोन माणसांना द्यायला हवे. रॉबर्ट नेल्सन यांनी विखुरलेला कारभार एका हाती आणला. अनावश्यक फाउंड्र्या बंद केल्या आणि १९०३ मध्ये जर्सी सिटीत एक मोठा मध्यवर्ती कारखाना उभा केला. दुसरे मॉरिस फुलर बेंटन. त्यांचे वडील लिन बॉइड बेंटन यांनी १८८० च्या दशकात ठसे कोरण्याचे यंत्र बनवले होते. मुलाकडे काम आले ते फाउंड्र्यांच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या वळणांना शिस्त लावण्याचे. त्यांनी वळणांची कुटुंबे बांधली. बर्ट्रम गुडह्यू यांनी रेखाटलेल्या चेल्टनहॅमला त्यांनी जाड, अरुंद, रुंद, तिरपी अशी कितीतरी भावंडे दिली. फ्रँकलिन गॉथिक, न्यूज गॉथिक, सेंचुरी स्कूलबुक ही त्यांचीच. यातली कित्येक आज आपल्या संगणकावर आहेत.

कुटुंबाची ही कल्पना गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिली तर तिचे बळ कळते. चेल्टनहॅमचा साधा खिळा घेतलेला छापखाना पुढच्या वर्षी त्याचाच जाड खिळा आनंदाने घेतो, कारण जुना माल वाया जात नाही, उलट त्याची किंमत वाढते. पूर्वी अडचणीने टिकलेले गिऱ्हाईक आता सोयीने टिकू लागले. मात्र ज्यांच्या केसमध्ये एकोणिसाव्या शतकातली नक्षीदार, वेलबुट्टीची अक्षरे होती त्यांच्या वाट्याला हे आले नाही. ती वळणे हळूहळू यादीतून गेली आणि त्यांचा संपलेला खिळा कायमचा संपला.

१९११ मध्ये एटीएफने इनलँड विकत घेतली. त्याच वर्षी शिकागोची ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ही घेतली. ही जुनी फाउंड्री आपल्या तांबेमिश्रित खिळ्यांच्या जाहिराती करी आणि १८९२ च्या एकत्रीकरणापासून बाहेर राहिलेली होती. तिच्या सौद्यात एक अट होती : वीस वर्षे तिला वेगळेच ठेवायचे, म्हणजे कामगारांना दुसरे काम शोधायला किंवा निवृत्तीपर्यंत पोचायला अवधी मिळेल. ही अट पाळली गेली. फाउंड्री बंद झाली ती १९३३ मध्ये. कामगारांच्या दृष्टीने इतके सभ्य विलीनीकरण मी फार थोडे वाचले आहे. गिऱ्हाइकालाही जुन्याच काउंटरवरून जुना खिळा मिळत राहिला. पण जो छापखानेवाला केवळ एटीएफला पर्याय हवा म्हणून बार्नहार्टकडे जात होता, त्याचा पर्याय १९११ मध्येच संपला होता. पाटी जुनी राहिली तरी नफा नव्या मालकाकडे जात होता. अशा वेळी मालकी कोणाची आहे हे गिऱ्हाइकाला ठळकपणे कळलेच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. १९१९ मध्ये फिलाडेल्फियाची कीस्टोनही आत आली.

१९२३ चा एटीएफचा नमुनाग्रंथ ११४८ पानांचा आहे. पानोपानी वळणे, किनारी, चित्रठसे, पट्ट्या, केसचे लाकडी घोडे, ‘केली’ नावाची छपाईयंत्रे. लहान गावातला छापखानेवाला त्यातले नाव आणि माप लिहून पत्र टाकी आणि माल शाखेतून येई. फाउंड्रीतल्या ओळखीच्या माणसाची जागा बऱ्याच अंशी या पुस्तकाने घेतली होती. पुस्तक उधारी थांबवत नाही, पण छापलेले खोटे ठरू नये याची काळजी कंपनीला घ्यावी लागते, हा त्याचा गुण.

मंदीत, १९३३ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत गेली. सावरली, न्यू जर्सीतल्याच एलिझाबेथ गावी हलली. पण ऑफसेट छपाई आणि फोटोवरची अक्षरजुळणी आल्यावर शिशाच्या खिळ्याला मागणीच उरली नाही. १९९३ मध्ये कारखान्याचा लिलाव झाला. अनेक यंत्रे आणि साचे भंगारात गेले. काही छंदी मुद्रकांनी आणि लहान ओतकाम करणाऱ्यांनी वाचवले. एटीएफमध्येच ओतकाम शिकलेले थिओ रेहाक यांनी तिथली काही यंत्रे आणि साचे घेऊन आपल्या लहानशा फाउंड्रीत खिळे ओतणे चालू ठेवले. कंपनी गेल्यावरही जुन्या केस भरून देणारे कोणीतरी लागत होते आणि त्यांच्याकडे गिऱ्हाईक आले.

शिशाचा खिळा गेला तरी वळणांचा व्यापार थांबला नाही. २००६ मध्ये संगणकावरचे फाँट विकणाऱ्या मोनोटाइप कंपनीने लायनोटाइप कंपनी घेतली, २०१४ मध्ये फाँटशॉप, २०२१ मध्ये हॉफ्लर अँड कंपनी. आता गिऱ्हाइकाच्या केसमध्ये धातू नाही, परवाना आहे आणि परवान्याच्या अटी नवा मालक बदलू शकतो. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.